खाली अंथरायचं पान

खर्डा आला त्याला आज अकरावा दिवस.
नाव ओजसनं ठेवलं, तिखट आहे म्हणून.
राजारामपुरी, नववी गल्ली, दुसरा मजला,
दोन खोल्या, आणि दोन्हीकडं
त्याची तळी.

डॉक्टर म्हणाले, ओरडायचं नाही.
उठला की न्या, खाल्लं की न्या, खेळून दमला की न्या.
जागा एकच ठेवा. तोवर दाराशी पेपर अंथरा.
खालच्या मगदूम काकू म्हणाल्या,
नाक घासायचं त्यात, एकदाच. जन्मात विसरत नाही.
मी नाही घासलं.
विसरत नाही हे खरं आहे.

तर पेपर.
रद्दीचा गठ्ठा काढून बसले आणि हात अडला.
पहिल्या पानावर अंबाबाईची बांधलेली पूजा,
दुसऱ्यावर वाढदिवस, कुणाकुणाची लेकरं,
आत लाल मातीत पैलवान, खांद्यावर गदा,
त्याला चीत करणं
दोन महिन्यांच्या पिल्लाचं काम नव्हे.
मग भावपूर्ण श्रद्धांजली. ते तर नकोच.
राहिल्या निविदा, साखरेचे दर, जाहीर नोटिसा.
चेहरा नसलेली पानं.
ती अंथरली.

आणि शिकला की लेकाचा! इतका शिकला
की ह्यांनी चहाबरोबर ताजा पेपर फरशीवर उघडला
तर लांबून धावत आला, दोन गिरक्या घेतल्या
आणि महापालिकेच्या बजेटवर बसला.
ओजस हसून हसून पलंगाखाली गेला.

आज सकाळी ओली पानं गोळा करताना
ओळखीचं गाव दिसलं.
मौजे सांगरूळ, तालुका करवीर, गट नंबर चारशे बारा.
कैलासवासी भैरू तुकाराम, म्हणजे आबा.
त्यांचे एकमेव वारस, म्हणजे दादा.
सदर मिळकतीत अन्य कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास
चौदा दिवसांच्या आत लेखी पुराव्यानिशी कळवावे,
अन्यथा तो सोडून दिला असे समजण्यात येईल.
तारखेच्या जागी पिवळा डाग.

उकिडवी बसून वाचलं. परत वाचलं.
चारशे बारा म्हणजे विहिरीकडचं.
तिथं आबा गुऱ्हाळ लावायचे,
काकवी फुंकून फुंकून माझ्या तळहातावर ठेवायचे.
भाऊबीजेला ओवाळलं तेव्हा
ताटात पाचशेची नोट पडली, आणि
येत जा गं, म्हणाला दादा.
बोजा म्हणजे मी असेन.

खर्डा कोपऱ्यातून बघत होता,
शेपूट पायांत, काही चुकलं का म्हणून.
नाही रे बाळा. तू बरोबर जागी केलंस.

पान धुता येत नाही.
दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं,
ओजसच्या शाळेच्या शर्टाशेजारी.
हे काय आता? ह्यांनी विचारलं.
वाळू दे आधी, म्हटलं.

रात्री तीनला कसलं तरी खरवडणं.
उठून बघते तर खर्डा दाराशी.
पेपर शेजारीच होता, कोरडा, चार पदरी.
त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही पठ्ठ्यानं.
दारच खरवडत होता.

कडेवर घेतला, चप्पल न घालता जिना उतरले.
गल्ली गार. लांब कुठंतरी दुधाच्या टेम्पोत
कॅन कॅनवर आपटत होते.
खाली ठेवला तसा गेला विजेच्या खांबाकडं.
तिथं थोरल्या कुत्र्यांनी आधीच
काय काय लिहून ठेवलेलं.
ते सगळं हुंगलं त्यानं, सावकाश, एकेक ओळ वाचावी तसं,
मागं वळून माझ्याकडं पाहिलं,
आणि त्याच खांबाशी, सगळ्यांच्या खाली,
बसून आपले चार थेंब.

शाब्बास लगेच म्हणायचं असतं,
उशिरा म्हटलं तर त्यांना कळत नाही कशाबद्दल.
शाब्बास, म्हटलं.
एवढ्या मोठ्यानं निघेल असं वाटलं नव्हतं.
मगदूम काकूंच्या खिडकीत दिवा लागला.

वर आता पान वाळलं असेल.
उजेडासमोर धरून
तारीख लागते का बघते.